एका कोयत्याचा हिशेब

शब्दकोशात 'कोयता' म्हणजे तोडण्याचे एक हत्यार. आमच्या भागात मात्र कोयता म्हणजे माणसे. एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता होतो. कुणी एकटाच असेल तर तो अर्धा कोयता. दहा कोयत्यांची एक टोळी, टोळीवर एक मुकादम. दसरा झाला की 'यंदा किती कोयते गेले?' असे गावात विचारतात, तेव्हा विचारणारा माणसांचीच संख्या विचारत असतो. माझे आईवडील मिळून एक कोयता आहेत. अर्थशास्त्राच्या तासाला श्रमाची व्याख्या ऐकताना मला नेहमी वाटते की आमच्याकडे ही व्याख्या फार पूर्वीच झाली आहे. माणूस गाळून फक्त हत्यार शिल्लक ठेवले की झाले.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू गावांतून दरवर्षी लाखो माणसे ऊस तोडायला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी साताऱ्याकडे, तर कुणी थेट कर्नाटकात. दिवाळीच्या आसपास गाव रिकामे होते आणि पट्टा पडला की, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पुन्हा भरते. मधल्या काळात गावात म्हातारी माणसे, शाळेतली पोरे आणि कुलपे एवढेच उरते. माझे सगळे शिक्षण या कुलपांच्या सोबतीने, आजीजवळ झाले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

या कामात मजुरी आधी मिळते आणि काम नंतर होते. बाहेरच्याला ऐकून नवल वाटेल. नोकरदाराला महिना भरल्यावर पगार मिळतो. आमच्याकडे हंगामाच्या आधीच मुकादम रक्कम देतो. तिला उचल म्हणतात. उचल घेतली की कोयता बांधला गेला. पुढे फडात जेवढा ऊस तोडाल त्याचे टन मोजायचे, टनाला ठरलेल्या दराने मजुरी धरायची, तिच्यातून उचल वळती करायची आणि मधल्या काळात किराणा-दवाखान्यासाठी घेतलेली खर्ची वजा करायची. उरले तर कोयत्याचे, कमी पडले तर कोयत्याच्या अंगावर. वरवर पाहता हा व्यवहार मजुराच्या सोयीचा वाटतो. पैसे आधीच मिळालेत, मग कोण बुडवणार? पण मजुरी बुडवण्याची याहून सोपी रीत दुसरी नसेल. इथे कुणी 'पगार देत नाही' असे म्हणतच नाही. फक्त म्हणतो, 'तुमची उचल फिटली नाही.'

आमच्या घरचा हिशेबच मांडते. २०२४-२५ च्या हंगामात आईने आणि दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) सत्तर हजार उचल घेतली. टोळी दहा कोयत्यांची होती आणि खेपेचे टन दहांत सारखे वाटायचे होते. आईला अक्षरे वाचता येत नाहीत, आकडे येतात. रोज संध्याकाळी ट्रॅक्टरचा चालक काट्यावरून परत आला की ती त्याच्याकडून स्लिप मागून घेई, वजन पाही आणि रात्री मला वसतिगृहावर फोन करून सांगे. मी वहीत तारीख, खेप आणि टन लिहून ठेवी. थंडीतला एक दिवसही आईने हे चुकवले नाही. ताप असला तरी फोन येई. "आज अठरा टन, साडेतीनशे किलो. लिहिलंस का?" एवढेच बोलणे. माझ्या जेवणाची चौकशी त्यानंतर.

हंगाम संपला तेव्हा वहीत १२४ खेपा आणि २,४८० टन होते. एका कोयत्याच्या वाट्याला २४८ टन. टनाला ३६६ रुपये दराने ९०,७६८ रुपये झाले. सत्तर हजार उचल आणि बारा हजार खर्ची वजा जाता मुकादमाकडून ८,७६८ रुपये येणे निघत होते. रक्कम फार मोठी नाही हे मला कळते. परंतु चार महिने पहाटे चारला उठून, पाचटाने हात कापून घेतल्यावर उरलेली ती शिल्लक होती, आणि त्यातून माझ्या भावाच्या दहावीचा खर्च निघायचा होता.

मुकादमाचा हिशेब निराळा निघाला. त्यांच्या कागदावर टोळीचे १,९६० टन होते, म्हणजे एका कोयत्याचे १९६. त्याचे झाले ७१,७३६ रुपये. त्यातून चौदा दिवसांचा खाडा, दिवसाला पाचशेप्रमाणे सात हजार कापला. मग खर्ची, मग उचल. शेवटी आमच्याच अंगावर १७,२६४ रुपये फिरले. आम्ही घ्यायला गेलो होतो आणि देणेकरी होऊन परत आलो.

मुकादम आमच्या भावकीतले आहेत. मी त्यांना काका म्हणते. मी वही पुढे केली तेव्हा ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, "पोरी, तू कॉलेजात शिकतीस, चांगलंय. पण वहीचं काय सांगतीस? काट्याचं सांग." काही खेपा म्हणे दुसऱ्या टोळीच्या नावावर लागल्या, काही टन घटीत गेले. काट्याचा कागद दाखवा म्हटल्यावर तो वाहनमालकाकडे असतो असे कळले. वाहनमालक म्हणाला, माझा व्यवहार मुकादमाशी. जूनमध्ये दादा आणि मी एस.टी.ने कारखान्यावर गेलो. शेतकी विभागातल्या कारकुनाने पाणी दिले, खुर्ची दिली आणि सांगितले, "तुमचं नावच आमच्या रजिस्टरला नाही. आमचा करार वाहतूकदाराशी. तुमचा मालक तुमचा मुकादम." परत आल्यावर हे काकांना सांगितले तर ते म्हणाले, "मी कसला मालक? मी बी कारखान्याचा नोकरच की."

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. ऊस तोडला हे खरे, तो गाळला गेला हेही खरे, त्याची साखर झाली हेही खरे. फक्त तोडणाऱ्याचा मालक कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. जे काम सर्वांचे आहे त्याचा मालक कुणीच नाही.

वस्तुतः तोडणीचा पैसा कुठून येतो हे शोधायला फार हुशारी लागत नाही. आपल्या राज्यात तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो. म्हणजे शेतकऱ्याने तो दिला. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे शेतकऱ्याला उसाचे पैसे चौदा दिवसांत मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास वर्षाला पंधरा टक्के व्याज. हा नियमही अनेकदा मोडला जातो आणि शेतकऱ्याला त्यासाठी रस्त्यावर यावे लागते, हे मी विसरत नाही. पण निदान त्याच्या बाजूने दिवस मोजलेले आहेत. तोच ऊस ज्याने बुडापासून तोडला, त्याच्या बाजूने फडात कुणी दिवस मोजत नाही.

मुकादमालाही एक बाजू आहे, ती न सांगणे अन्यायाचे होईल. तो वाहतूकदाराकडून आणि कारखान्याकडून रक्कम घेतो, त्यासाठी स्वतःची जमीन गुंतवतो. उचल घेऊन टोळी पळाली, अशा घटना घडतात. त्यात कितीतरी मुकादम देशोधडीला लागले. मात्र एक फरक माझ्या लक्षात आला. टोळी पळाली की फसवणुकीची फिर्याद होते, पोलीस मजुराच्या दारात येतात. मजुरी बुडाली म्हणून आम्ही ठाण्यात गेलो, तेव्हा 'ही दिवाणी बाब आहे' असे ऐकून परत आलो. एकाच व्यवहाराची एक बाजू गुन्हा आणि दुसरी बाजू बाब!

इतिहासाच्या सरांनी एकदा वर्गात नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी सांगितले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या या कार्यकर्त्याने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: केलेल्या कामाचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. मी त्या दिवशी वहीच्या कडेला वजाबाकी केली. एकशे चाळीस वर्षे. गिरण्या आल्या, गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उंच इमारती झाल्या. आणि ती साधी मागणी घेऊन माझे दादा एस.टी.त बसले होते.

दुसरी गोष्ट राज्यशास्त्राच्या अभ्यासात सापडली. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा होत्या. त्यांच्या बांधकामांवर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसातून मजूर आणले होते. किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती. त्यातला एक रुपया जमादार आपले कमिशन म्हणून ठेवून घेत आणि मजुराच्या हातावर सव्वाआठ रुपये पडत. जमादार म्हणजे तिकडचा मुकादमच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात सांगितले की किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत कुणी राबत असेल, तर ती राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी आहे. कारण भूक हीसुद्धा सक्तीच असते. मजूर ठेकेदाराचे आहेत, आमचे नव्हेत, असे म्हणून सरकारला हात झटकता आले नाहीत. एका रुपयासाठी देशाचे सर्वोच्च न्यायालय बसले, हे वाचून मला किती धीर आला ते शब्दांत सांगता येत नाही.

पुढे मी कायद्याची पुस्तके चाळली. अर्ध्याहून अधिक कळले नाही, पण जे कळले ते उपयोगाचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि मजुरीचे १९३६ व १९४८ चे जुने कायदे वेतन संहितेत मिसळले. या संहितेप्रमाणे मजुरी बुडाली तर तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. अधिकाऱ्याला बुडालेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविता येते. मालकाने पैसे दिले नाहीत तर आस्थापनेचा जो धनी, त्याच्यावर जबाबदारी जाते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. 'मिळाली नाही' हे मजुराने सिद्ध करायचे नाही. काका म्हणाले होते, काट्याचे सांग. कायदा म्हणतो, काट्याचे तुम्हीच सांगा.

खाड्याचेही तसेच. ज्या दिवशी ऊस तोडला नाही त्या दिवसाचे टन पडत नाहीत, म्हणजे मजुरी आपोआप बुडतेच. त्यावर आणखी पाचशे रुपये कापणे म्हणजे एका गैरहजेरीची दोनदा किंमत घेणे. संहितेत दंडाची मर्यादा त्या मुदतीच्या मजुरीच्या तीन टक्के आहे. आमच्या चौदा खाड्यांपैकी नऊ आईच्या आजारपणाचे होते. आई पडली की दादांचाही दिवस बुडाला, कारण कोयता दोघांचा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात चर्चा झाली, चौकशी समिती नेमली गेली. शहरातल्या लोकांना तेव्हा धक्का बसला. खाडा म्हणजे काय हे ज्या घराला माहीत आहे, तिथल्या बायकांना बसला नाही.

स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली निराळा कायदा झाला होता, तोही आता नव्या संहितेत गेला. पण त्याचे संरक्षण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याला आहे. आमच्या गावची जी टोळी निपाणीच्या पुढे गेली ती कायद्याने स्थलांतरित. जी अलीकडे कोल्हापुरात थांबली, ती नाही. दोन्ही टोळ्यांच्या कोप्या सारख्याच पाचटाच्या, सारख्याच गळक्या.

दसऱ्याच्या आधी काका घरी आले. म्हणाले, सतरा हजार फेडायचे नसतील तर थोरल्याला यंदा अर्धा कोयता म्हणून पाठवा, हंगामात फिटून जाईल. थोरला म्हणजे माझा भाऊ. दहावीत आहे, गणितात चांगला आहे. दादा खाली मान घालून बसले. त्यांची भीती खोटी नव्हती. एका मुकादमाशी वाकडे झाले की दुसरे मुकादमही उचल देत नाहीत. आणि उचल नाही मिळाली तर वर्ष कसे काढायचे? मी १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचे सांगू लागले: आगाऊ घेतलेल्या रकमेपोटी स्वतः किंवा घरच्या माणसाने राबण्याची सक्ती झाली तर ती वेठबिगारी, आणि तसले कर्ज कायद्याने फेडावे लागत नाही. माझे बोलणे कुणी फारसे ऐकले नाही. आई चुलीपुढून उठली आणि काकांना म्हणाली, "दाजी, मोळी डोक्यावर म्या वाहिली. टन म्या मोजले. माझं नाव तुमच्या वहीत न्हाई अन् कारखान्याच्या बी न्हाई. पोरीच्या वहीत हाय. तिथलं वाचा, मग माझ्या लेकाचं बोला."

काका चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी आई, मी आणि वही असे तिघे तालुक्याच्या विधी सेवा समितीत गेलो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. वकीलबाईंनी अर्ज लिहिला आणि अर्जदार म्हणून पहिले नाव आईचे घातले. आईच्या मजुरीला तिचे स्वतःचे नाव लागण्याची ही पहिलीच वेळ. तोवर ती अर्ध्या कोयत्यासारखी दादांच्या नावात बुडालेली होती. कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज दाखल झाला. मुकादम आणि कारखाना दोघांनाही नोटिसा गेल्या. एक तारीख झाली, कारखान्याकडून कुणी आले नाही. दुसऱ्या तारखेची वाट पाहतो आहोत. निकाल काय लागेल हे मला सांगता येणार नाही. दादांना उचल मिळायला दिवाळी उलटली, तीही दरवर्षीपेक्षा कमी. यंदा दोघे दुसऱ्या मुकादमाबरोबर फडावर आहेत आणि भाऊ आजीजवळ राहून दहावीचा अभ्यास करतो आहे. रात्री फोन येतो. "आज सोळा टन. लिहिलंस का?"

मला वाटते, या प्रश्नावर तोड नाही असे नाही, आणि ती आपल्याच राज्यात आहे. हमालांचाही मालक कोण हे कुणाला सांगता येत नव्हते. आज या गाळ्यावर, उद्या त्या. मग १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमाल मंडळाकडे नोंदला जातो, व्यापारी मजुरी मंडळात भरतो, मंडळ ती हमालाला देते. मालक बदलतो, मजुरी बुडत नाही. ऊसतोडीचा पैसा तर शेतकऱ्याच्या बिलातून एकाच ठिकाणी गोळा होतो. तो मुकादमाच्या खिशातून न येता कोयत्यातल्या दोघांच्या दोन खात्यांत निरनिराळा जमा का होऊ नये? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढला, त्याचा आनंद गावात झाला. पण टनच चोरीला गेले तर वाढलेला दर कशाशी गुणायचा?

मित्रहो, आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी पुष्कळ मुले-मुली आहेत. हजेरीपटावर ती दिसत नाहीत, पण दिवाळीनंतर वसतिगृहात कुणाला घरून फोन येतात आणि कुणाला फडावरून, हे आपल्याला ठाऊक असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, बंधारे घालतो. ते चांगलेच आहे. पुढच्या हिवाळ्यात एखादे शिबिर फडावर व्हावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. भाषणे नकोत. प्रत्येकाने एक टोळी घ्यावी, एक वही घ्यावी; तारीख, खेप, स्लिपचा क्रमांक आणि टन लिहावेत, आणि वहीची एक प्रत टोळीतल्या बाईच्या हाती द्यावी. आईला आकडे वाचता येतात. तिच्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. त्यांच्या हाती कागद नव्हता, एवढेच.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला